परत आलेल्या पुस्तकाची नोंद किती दिवस ठेवावी? ग्रंथपाल, वाचकाचा खासगीपणा आणि धोरण

देवघेव खिडकी (धागाकर्ती)

मी एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात २६ वर्षे ग्रंथपाल होते. आता निवृत्त झाले असून त्याच वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची सदस्य आहे. पुढच्या महिन्यातल्या बैठकीत नव्या संगणकप्रणालीत वाचकांच्या देवघेवीचा इतिहास किती काळ ठेवावा, हा विषय येणार आहे. विषयपत्रिकेत तो 'तांत्रिक बाबी' या मथळ्याखाली छापला गेला आहे. माझ्या मते तो तांत्रिक नाही, आणि म्हणूनच तुम्हा सर्वांचे मत घेण्यासाठी हा धागा काढते आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका दुपारी आमच्या खिडकीशी एक गृहस्थ आले. गावातलेच, ओळखीचे होते. त्यांनी पत्नीचे ओळखपत्र पुढे केले आणि "हिने गेल्या सहा महिन्यांत कोणती पुस्तके नेली त्यांची यादी द्या," असे शांतपणे सांगितले. कारण विचारले तेव्हा "घरचीच बाब आहे," एवढेच म्हणाले. त्या बाई दर शनिवारी येत असत. कादंबऱ्यांच्या जोडीने त्यांनी पोटगी आणि घटस्फोटाच्या कायद्यावरचे एक मराठी पुस्तक नेले होते. त्याची मुदत मीच वाढवून दिली होती, त्यामुळे ते मला चांगले आठवत होते.

त्या वेळी आमच्याकडे ब्राऊन पद्धत होती. नव्या पिढीतल्या वाचकांसाठी सांगते: प्रत्येक पुस्तकात एक पुस्तकपत्र असते आणि वाचकाजवळ खिशासारखे तिकीट असते. पुस्तक देताना पुस्तकपत्र त्या तिकिटात सरकवून परतीच्या तारखेमागे ट्रेमध्ये लावायचे, आणि पुस्तक आले की पत्र पुस्तकात व तिकीट वाचकाच्या हातात. मागे काहीच उरत नाही. मी तो लाकडी ट्रे पुढे ओढून त्यांना दाखवला आणि सांगितले, "आमच्याकडे फक्त बाहेर असलेल्या पुस्तकांची नोंद असते." ते खरेच होते. ते परत गेले. त्या दिवशी माझ्या निश्चयाची कसोटी लागलीच नाही, कारण देण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

आज तेच गृहस्थ आले, तर खिडकीवरचा मुलगा सभासद क्रमांक टाकील आणि पडद्यावर दहा वर्षांची यादी येईल. तो मुलगा मानधनावर काम करतो, स्वभावाने सज्जन आहे, आणि अशी यादी द्यायची नसते हे त्याला कोणीही सांगितलेले नाही. पूर्वी वाचकाला जे संरक्षण होते ते काढून टाकावे, असा ठराव कोणत्याही मंडळाने केलेला नाही. प्रणाली बदलली आणि ते आपोआप गेले. मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

आमच्याही हातून चुका झाल्या आहेत. थकीत सभासदांची यादी आम्ही वर्षानुवर्षे फलकावर लावत होतो, आणि नावापुढे पुस्तकाचे नावही असे. आता तीच यादी व्हॉट्सअॅप समूहावर जाते. ग्रंथालयशास्त्र शिकताना आमच्याकडून भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची पाच सूत्रे पाठ करून घेतली गेली, पण वाचकाच्या गोपनीयतेवर एकही तास झाल्याचे मला स्मरत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम आला. या सगळ्या काळात आपण ग्रंथपाल कुठे होतो? माहिती जमवणे, लावणे, देणे आणि प्रसंगी न देणे हाच आपला व्यवसाय असताना, माहितीविषयी नियम ठरतात तिथे आपला शब्द असायला नको का? हे मला मनापासून विचारायचे आहे. गावच्या मंडळापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

प्रणालीवाला

ताई, मी गेली बारा वर्षे ग्रंथालयांत 'कोहा' ही ग्रंथालयांसाठीची संगणकप्रणाली बसवून देण्याचे काम करतो. तुमच्या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर सोपे आहे. कोहामध्ये परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी एका वेगळ्या तक्त्यात जातात, आणि कोणी काही केले नाही तर त्या तिथेच राहतात. पण 'अनामिक वाचक' नावाचे एक बनावट खाते तयार करून जुन्या नोंदींमधील सभासद काढून त्या सर्व त्या खात्यावर वळवण्याची सोय प्रणालीतच आहे. ती रोज रात्री आपोआप चालवता येते. पुस्तक किती वेळा गेले याची आकडेवारी शाबूत राहते, कोणी नेले ते पुसले जाते. आपला इतिहास कायम ठेवायचा की परतीबरोबर पुसायचा, हे वाचकाला स्वतः निवडू देण्याचीही सोय आहे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. आकडेवारीच्या तक्त्यात सभासद क्रमांक स्वतंत्रपणे साठत असतो, आणि तो या सफाईत जात नाही. शिवाय रोजच्या बॅकअपच्या प्रती कुठल्या तरी पेन ड्राइव्हवर किंवा कोणाच्या तरी घरच्या संगणकावर असतात. त्या किती दिवस ठेवायच्या, हे ठरवल्याशिवाय पडद्यावरची सफाई अपुरी आहे.

मी आजवर साठेक ग्रंथालयांत ही प्रणाली बसवली. वाचकाचा इतिहास ठेवायचा की नाही, असे मला एकाही ग्रंथपालाने विचारले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही. बारकोड किती मोठा हवा, हे मात्र सर्वांनी विचारले.

अभ्यासिकेतली

मी राज्यसेवेची तयारी करते आणि एका वाचनालयाच्या अभ्यासिकेत रोज दहा तास बसते. तिथे नोंदवहीत येण्या-जाण्याची वेळ लिहावी लागते आणि दोन कॅमेरे आहेत. त्याला माझी हरकत नाही, कारण रात्री उशिरापर्यंत आम्ही मुली तिथे असतो. पण माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या काकांनी तिथल्या कर्मचाऱ्याकडून तिच्या महिनाभराच्या वेळा फोनवर मागवून घेतल्या. ती २४ वर्षांची आहे. त्यानंतर ती आली नाही. ती पुस्तके काय नेते हे कोणी विचारले नव्हते, ती कधी बसते एवढेच विचारले होते. म्हणून ठराव करताना फक्त पुस्तकांच्या देवघेवीपुरता करू नका, ही विनंती. हजेरीची वही आणि कॅमेऱ्याचे चित्रण यांचाही त्यात विचार व्हावा.

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत कनेटिकट राज्यातील एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. इथल्या ग्रंथपालांनी हा प्रश्न व्यवसायाचा भाग म्हणून फार पूर्वी स्वीकारला. वाचकाबद्दल कळलेली खासगी माहिती गोपनीय ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे, असे अमेरिकन ग्रंथालय संघाच्या १९३९ च्या आचारसंहितेतच लिहिलेले आहे. पण लिहून ठेवणे वेगळे आणि वेळ आल्यावर ते निभावणे वेगळे. आमच्याच राज्यात घडलेली हकिगत सांगते.

जुलै २००५ मध्ये विंडसर गावातील 'लायब्ररी कनेक्शन' या संस्थेकडे एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचे एक पत्र आले. ही संस्था दोन डझनांहून अधिक ग्रंथालयांची संगणकव्यवस्था एकत्रितपणे पाहत असे. १५ फेब्रुवारी २००५ रोजी एका विशिष्ट पाऊण तासात एका ग्रंथालयातील संगणक कोणी वापरला, याची माहिती त्या पत्रात मागितली होती. पत्राला न्यायालयाचा आदेश नव्हता. २००१ च्या पेट्रिअट या दहशतवादविरोधी कायद्यामुळे अशी पत्रे धाडण्याचा अधिकार फार विस्तारला होता, आणि पत्र मिळाल्याचे कोणालाही सांगायचे नाही, असे बंधन त्याच पत्रात होते. संस्थेचे संचालक जॉर्ज ख्रिश्चन आणि कार्यकारिणीतील बार्बरा बेली, पीटर चेस व जेनेट नोसेक यांनी माहिती देण्यास नकार दिला आणि न्यायालयात दाद मागितली. आपल्याच खटल्यात त्यांना आपले नाव सांगता येत नव्हते. सुनावणी ब्रिजपोर्टला चालू असताना त्यांना हार्टफर्डच्या न्यायालयातील एका बंद खोलीत बसून ती दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहावी लागली.

ज्या महिन्यांत हा कायदा पुढे चालू ठेवावा की नाही यावर संसदेत वाद चालला होता, नेमक्या त्याच महिन्यांत या चौघांना तोंड उघडण्याची मनाई होती. ग्रंथालयांविरुद्ध हे अधिकार वापरले जात आहेत हे ज्यांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते, तेच लोक साक्ष देऊ शकत नव्हते. मार्च २००६ मध्ये कायद्याचे नूतनीकरण झाले, आणि मौनाचे बंधन त्यानंतर उठले. पुढे सरकारने माहितीची मागणीही सोडून दिली. त्या पाऊण तासाची माहिती शेवटपर्यंत दिली गेली नाही.

ताई, तुमच्या लाकडी ट्रेची गोष्ट वाचून मला कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या ग्रंथालयाची आठवण झाली. २००३ मध्ये तिथल्या ग्रंथपालांनी वाचकांना सावध करणाऱ्या पाट्या लावल्या होत्या आणि रोजचे कागद रोज फाडून नष्ट करण्याचा प्रघात ठेवला होता. जे जवळ नाही ते मागताच येत नाही.

कायद्याचा विद्यार्थी

आपल्या कायद्याबद्दल थोडे सांगतो, कारण त्यात ग्रंथालयांच्या दृष्टीने एक अडचण आहे.

२०२३ चा अधिनियम डिजिटल स्वरूपातील, किंवा कागदावरून नंतर डिजिटल केलेल्या, वैयक्तिक माहितीला लागू होतो. त्यामुळे ब्राऊन पद्धतीचे वाचनालय त्याच्या कक्षेबाहेर राहते आणि संगणकावर गेलेले वाचनालय कक्षेत येते, मग ती संस्था लहान असो की मोठी. वाचकाला त्याच्या भाषेत सूचना देणे, ठरलेल्या कामापुरतीच माहिती घेणे, काम संपल्यावर ती पुसणे, माहिती फुटली तर कळवणे ही कर्तव्ये त्यात आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. १८ वर्षांखालील वाचकांसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते, आणि बालविभाग चालवणाऱ्या वाचनालयांनी याचा आतापासूनच विचार करावा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक कर्तव्ये त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील.

आता अडचण. काम संपल्यावर माहिती पुसावी, असे अधिनियम सांगतो. पण वैयक्तिक माहिती आणि तिच्या हाताळणीच्या नोंदी किमान एक वर्ष जपून ठेवाव्यात, अशीही तरतूद अंतिम नियमांत आहे. शासकीय यंत्रणांना गरज पडल्यास ती मिळावी, हा त्यामागचा हेतू आहे. म्हणजे वाचकाच्या हिताची जी सर्वांत जुनी पद्धत, पुस्तक परत येताच नोंद पुसण्याची, तीच अवघड होऊन बसते. बँक, दुकान आणि वाचनालय यांना एकच माप लावले गेले आहे. नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ रोजी प्रसिद्ध झाला होता आणि हरकती-सूचनांची मुदत वाढवून ५ मार्च करण्यात आली होती. दोन महिने दार उघडे होते. वाचनाची नोंद ही इतर नोंदींसारखी नसते, हे अधिकाराने सांगू शकणारा व्यवसाय ग्रंथपालांचाच आहे. नियम पुन्हा दुरुस्त होऊ शकतात, त्यामुळे ते अजूनही सांगता येईल.

मधल्या काळासाठी माझी सूचना अशी: खिडकीवरच्या पडद्यावरून नोंद परतीबरोबर काढावी, वर्षभराची नोंद वेगळ्या कुलूपबंद जागी ठेवावी, ती उघडण्याचा अधिकार फक्त ग्रंथपाल व अध्यक्ष यांना एकत्रितपणे असावा, आणि वर्ष पूर्ण होताच ती नष्ट करावी.

कोषाध्यक्ष

मी एका लहान वाचनालयाचा हिशेब पाहतो. वरील सर्व मुद्दे मान्य आहेत, पण व्यवहार असा आहे की पुस्तकातली पाने कोणी फाडली ते दोन महिन्यांनी कळते. शिवाय तपासणीला आलेले अधिकारी देवघेवीची नोंद मागतात, कारण अनुदान त्यावर अवलंबून असते. आणि दरवर्षीचा उत्कृष्ट वाचक पुरस्कार नोंदीशिवाय कसा द्यायचा?

देवघेव खिडकी

कोषाध्यक्ष, तुमच्या शंका योग्य आहेत. हेच प्रश्न आमच्या मंडळातही निघतील. फाटलेल्या पानांसाठी फक्त शेवटचा वाचक कोण, एवढे पुरते. पुस्तकाचे आधीचे चाळीस वाचक ठेवण्याची गरज नाही. तपासणीत रोज किती पुस्तके गेली आणि किती आली हे पाहतात. तो आकडा नावाशिवाय देता येतो, आणि अधिकाऱ्यांना तसे नम्रपणे विचारून पाहावे, असे मी सुचवीन. पुरस्कारासाठी ज्यांना भाग घ्यायचा आहे त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला नाव द्यावे आणि त्यांचीच नोंद ठेवावी. आमच्याकडे एका वर्षी पुरस्कार देताना त्या वाचकाने वाचलेल्या ११२ पुस्तकांची नावे व्यासपीठावरून वाचून दाखवली होती. ते आजोबा खूश झाले. पण त्यांच्या जागी दुसरे कोणी असते, तर त्यांना ते चालले असते का, हे आम्ही विचारले नव्हते.

प्रणालीवाल्यांना एक प्रश्न: फक्त शेवटचा वाचक ठेवून बाकीचे पुसता येतात का?

प्रणालीवाला

येतात. त्यासाठी वेगळी सोय आहे, ती फक्त चालू करावी लागते.

माहिती अर्जदार

मला दुसऱ्या बाजूने बोलायचे आहे. खासगीपणाच्या नावाखाली एक दार बंद झाले आहे आणि ग्रंथपालांनी त्याकडेही पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ साली, माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. २००५ च्या केंद्रीय कायद्यातील कलम ८(१)(ञ) नुसार वैयक्तिक माहिती सरसकट नाकारता येत नव्हती. जिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जी दिल्याने एखाद्याच्या खासगी आयुष्यावर अनाठायी आक्रमण होईल तीच नाकारता येत होती, आणि तीही व्यापक लोकहित असेल तर द्यावी लागत असे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे परंतुकही होते. डेटा संरक्षण अधिनियमाच्या कलम ४४(३) ने हे सर्व काढून 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द ठेवले, आणि ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. लोकहिताचे कलम ८(२) शिल्लक आहे, पण आता सारा भार त्याच्यावर आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका गावच्या घरकुल लाभार्थ्यांची यादी मागवली होती. त्यात तीन नावे मृत व्यक्तींची निघाली. नावाशिवाय यादी मिळाली असती, तर ते कळलेच नसते. कोणी पत्नीची वाचनयादी मागितली असती, तर जुन्या कलमानेही ती नाकारता आली असती, कारण तिचा सार्वजनिक कामाशी काही संबंध नाही. वाचकाच्या संरक्षणासाठी या दुरुस्तीची गरज नव्हती. नागरिकाची नोंद झाकायची आणि सरकारची उघडी ठेवायची, हा भेद ग्रंथपालाला रोजच्या कामातून कळतो. तो त्यांनी जाहीरपणे मांडावा.

महाविद्यालयीन

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. आमचा प्रश्न थोडा निराळा आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके देशभरातल्या शासकीय संस्थांना खुली झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे आणि गांधीनगरचे इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणारे केंद्र ही योजना राबवते. लहान गावातील संशोधकाला हे मोठे वरदान आहे, यात शंका नाही. पण पूर्वी नियतकालिकाचा बांधीव अंक कोण चाळतो हे फक्त आम्हाला दिसत असे. आता कोणी काय वाचले, याची नोंद प्रकाशकाच्या संगणकावर होते. संस्थेच्या जाळ्यातून लेख उघडला तर नाव द्यावे लागत नाही. पण विद्यार्थी सोयीसाठी प्रकाशकाच्या संकेतस्थळावर ईमेल देऊन स्वतःचे खाते उघडतात, आणि तिथून पुढचे सगळे वाचन त्या नावाशी जोडले जाते. मी दरवर्षी प्रवेशाच्या आठवड्यात विद्यार्थ्यांना हे दाखवते. एवढ्या मोठ्या करारात वाचकाच्या नोंदींबद्दल कोणत्या अटी असाव्यात, हे सांगण्यासाठी ग्रंथपालांनी आपली संघटना पुढे करावी, कारण एकट्या महाविद्यालयाचे प्रकाशक ऐकणार नाही.

दप्तरखाना

मी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील मराठी वाचनसंस्कृतीवर काम करतो. सर्वांचे वाचून थोडी धास्ती वाटली, म्हणून लिहितो. आमच्यासाठी जुन्या देवघेवीच्या वह्या अमोल आहेत. १९२०-३० च्या दशकात एखाद्या गावी बायका काय वाचत होत्या, हे आत्मचरित्रांतून जितके कळते त्याहून अधिक अशा एका वहीतून कळते. कृपा करून सरसकट सर्व नष्ट करू नका. अधिनियमातही संशोधन व अभिलेख जतनासाठी काही सूट आहे. जिवंत माणसाची नोंद जपावी आणि इतिहासाचीही जपावी, यासाठी काही वेळेचे अंतर ठरवता येईल.

देवघेव खिडकी

बैठक काल झाली. अडीच तास चालली. थकबाकीची यादी फलकावरून आणि समूहावरून काढावी आणि प्रत्येकाला स्वतंत्र निरोप द्यावा, हे लगेच मान्य झाले. पडद्यावर फक्त शेवटचा वाचक राहील. वर्षाची नोंद 'कायद्याचा विद्यार्थी' यांनी सुचवल्याप्रमाणे वेगळी ठेवली जाईल. अभ्यासिकेची हजेरी कोणत्याही नातेवाइकाला सांगितली जाणार नाही, असे मराठीत लिहून दारावर लावायचे ठरले. त्यावर एका सदस्यांनी विरोध नोंदवला, पालकांचा विश्वास जाईल असे त्यांचे म्हणणे होते. ठराव बहुमताने झाला. नियमांतील एक वर्षाच्या तरतुदीतून सार्वजनिक ग्रंथालयांना वगळावे, असे निवेदन मंत्रालयाला पाठवायचे आहे. त्याचा मसुदा मी करते आहे, आणि 'माहिती अर्जदार' यांचा मुद्दा त्यात स्वतंत्र परिच्छेदात घेईन. इतर वाचनालयांनी सह्या दिल्या तर बरे होईल.

दप्तरखाना यांच्यासाठी: ब्राऊन पद्धत येण्याच्या आधीच्या सात वह्या माळ्यावर सापडल्या. सर्वांत जुनी १९३८ ची आहे. १९६० नंतरच्या तीन वह्या कापडात बांधून लाखेची मोहोर लावून ठेवल्या आहेत आणि त्या २०५० पर्यंत उघडायच्या नाहीत, असे कागदावर लिहिले आहे. आधीच्या चार तुम्ही येऊन पाहू शकता. १९३८ च्या वहीत दर बुधवारी 'स्त्रियांचा दिवस' असे तांबड्या शाईने लिहिले आहे आणि त्याखालच्या बहुतेक नोंदींत नावाऐवजी नुसते घराचे आडनाव आहे.